मेलेल्या वेंडेलिनची पाणचक्की

डिंकलरोडे गावाला साडेसातशे वर्षं झाली, त्या जत्रेच्या निमित्ताने गावाला जुन्या पाणचक्कीचा असा काही उमाळा आला, की ओटिली हाबरकॉर्नला नुसती ओकारी यायची बाकी राहिली.

उमाळा कुणाला, तर या लोकांना! चक्कीच्या पाटात यांनीच आधी गोठ्यातली घाण सोडली, मग मेलेली डुकराची पिलं फेकली, आणि शेवटी वास मारतो म्हणून पाट बुजवायचा अर्जही यांनीच केला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! शहरातल्या मोठ्या गिरणीची गाडी दारात यायला लागल्यावर एक माणूस दळण घेऊन फिरकला नाही. चक्की बासष्टला बंद पडली, पुढे पाडली, आणि आता तिथे मोटारी उभ्या राहतात. त्याच लोकांच्या सुना आता वेशीवर चक्कीचा दगड मांडून भोवती फुलझाडं लावत होत्या. वरातीमागून घोडं!

दगड तरी कुठे सापडला? आल्बिन फिंकच्या डुकरांच्या खुराड्यापाशी. चाळीस वर्षं आल्बिन त्याच्यावर बुटाची घाण खरवडत होता. वर पावसाचं पाणी साठू नये म्हणून कुणा शहाण्याने त्याच्या खाचांत सिमेंट भरलं. ओटिलीने ते पाहिलं आणि तिला शिसारी आली. त्या खाचा दर पंधरा दिवसांनी टाकी मारून तिने स्वतः धारेवर आणलेल्या. दळण्याचं सगळं इंगित त्या खाचांत असतं. ते कुणाला सांगणार?

जत्रेच्या आठ दिवस आधी फोल्कमार श्ट्राउख पाटीचा मजकूर दाखवायला आला. हा गावचा निवृत्त मास्तर, जत्रेच्या मंडळाचा अध्यक्ष. पाटीवर होतं, ‘शेवटचा चक्कीवाला: वेंडेलिन हाबरकॉर्न, १९६२ पर्यंत.’

ओटिलीने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“फोल्कमार, वेंडेलिन माझा भाऊ. चव्वेचाळीसला रशियात गेला तो गेलाच. दर नोव्हेंबरात चर्चपाशी लढाईत गेलेल्यांच्या दगडाला हार कोण घालतं?”

“मीच घालतो, ओटिलीताई.”

“त्यावर त्याचं नाव नाही वाचलंस कधी?”

“वाचलंय ना. पण कागद वेगळं सांगतात. परवाना वेंडेलिनच्या नावावर. बासष्टला चक्की बंद केल्याच्या फॉर्मवर त्याची सही आहे, स्वच्छ!”

“ती सही माझी आहे, मेल्या!”

खरं तेच होतं. वेंडेलिन लढाईवर जाण्याआधी बापाने चक्कीचा परवाना त्याच्या नावावर केला. सत्तेचाळीसला बाप गेला. पण वेंडेलिन मेला असं लिहून द्यायला आई शेवटपर्यंत तयार झाली नाही. रोज जेवायला त्याचं ताट मांडायची, सरकारी तपासनीस आला की म्हणायची, “येईलच एवढ्यात.” मग पीठ दळायचं ओटिलीने, दगड उचलायचे ओटिलीने, हिवाळ्यात चाकावरचा बर्फ फोडायचा ओटिलीने, आणि सही करायची भावाच्या नावाने. अशी पंधरा वर्षं. लग्नाचं वयही त्या पिठातच गेलं. आता त्र्याऐंशीव्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. त्या पाटीवर तिचं नाव.

“कागदावर नाही, तर मी काय करू?” मास्तर म्हणाला. “इतिहास आहे हा.”

“शाळेत शेंबूड बाहीला पुसत होतास तेव्हा माझ्या पिठाची पोळी खायचास. तो इतिहास नाही का?”

मास्तर कागदाची घडी घालून निघून गेला.

जत्रेच्या दिवशी बॅंड वाजला, पाटीवरचं फडकं निघालं, टाळ्या झाल्या. ओटिली गर्दीतून पुढे झाली. पिशवीतून तिने दगडाला धार लावायची आपली जुनी पोलादी टाकी काढली, दगडापाशी गुडघे टेकले आणि खाचेतलं सिमेंट फोडायला लागली. ठण्, ठण्. बॅंड थांबला.

“अहो ताई, दगड फुटेल!” मास्तर ओरडला.

“फुटत नाही. वेंडेलिन येऊन करणार असेल तर बोलाव त्याला, मी उठते.”

बघता बघता वीतभर खाच मोकळी झाली. मग तिने दोन्ही हात वर केले. मनगटापर्यंत निळे ठिपके. टाकीच्या ठिकऱ्या कातडीत घुसतात त्या जन्मभर निघत नाहीत. गावात असे हात तिच्या बापाचे होते आणि तिचे.

“आल्बिन,” ती म्हणाली, “तू नऊ वर्षं माझ्याकडून रायचं धान्य दळून नेलंस. दळत कोण होतं, सांग सगळ्यांना.”

आल्बिनने बिअरच्या फेसात पाहिलं. “चक्की दळत होती, ओटिले. आम्ही पोती टाकायचो नि न्यायचो. आत कोण, कोण बघतो?”

दोघं-तिघं हसली. पिलं कुजलेल्या त्या पाटापेक्षा ओटिलीला या हसण्याची जास्त किळस आली.

पण हात सगळ्यांनी पाहिले होते. कुजबुज झाली, मंडळाची बैठक बसली, आणि पंधरा दिवसांनी मास्तर स्वतः तिला हाताला धरून वेशीवर घेऊन गेला. नवी पाटी, चकचकीत पितळी. ‘शेवटचा चक्कीवाला: वेंडेलिन हाबरकॉर्न, १९६२ पर्यंत. बहीण ओटिली हिच्या मदतीने.’

“आता झालं ना मनासारखं?” मास्तर म्हणाला.

ओटिलीने ते दोनदा वाचलं. खाचेत पुन्हा सिमेंट भरलेलं होतं, तेही पाहिलं.

“एक राहिलं, फोल्कमार,” ती म्हणाली. “चर्चपाशी त्या दगडावरही लिहून टाक. तो रशियात मेला, तोही बहिणीच्या मदतीने.”

मास्तर खो-खो हसला. त्याला वाटलं, म्हातारी खूश झाली.