पोरीला दम नाही म्हणे

माझ्या ताईच्या सायकल दुकानात नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला. "मेकॅनिक कुठे गेलाय?" ताई ट्यूबवरची नजर न काढता म्हणते, "जेवायला गेलाय. तोवर मी करते." पंक्चर निघतं, चाक बसतं आणि माणूस निघताना पुन्हा विचारतो, "आला नाही वाटतं अजून?" तीस वर्षं हेच चाललंय. मला संताप येतो. तिला येत नाही. ती म्हणते, सगळ्यांवर चिडत बसले तर चाकं कधी बसवू.

म्हणून आमच्या घरात चिडायचं खातं माझ्याकडे आहे. आता जे सांगतेय त्यात मी बँडच्या सरांवर चिडलेय, दुकानदारावर चिडलेय आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा ताई नववीत होती, मी तिसरीत. भाऊ नाही. दुकान विकून टाकायचं, असं काका-आत्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. ताईने कुणाला न विचारता दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. लोक म्हणाले, चार दिवसांचं नाटक आहे. माझी शाळा, माझं कॉलेज, माझं लग्न, सगळं त्या नाटकातून झालं. तिचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. कुणी विचारलं तर म्हणते, "स्थळं आली होती की. हात बघून परत गेली." तिच्या नखांच्या कडांना वंगण मुरलंय, रॉकेलने घासलं तरी निघत नाही.

एक गोष्ट मात्र ती अशी करते की बघत राहावं. काही पंक्चर इतकं बारीक असतं की ट्यूब घमेल्यात बुडवली तरी बुडबुडा येत नाही. मग ताई डोळे मिटून ती ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवते. एका जागी थांबते. "इथे." खडूने खूण करते. चुकलेली मी कधी पाहिली नाही. आईची कंबर शेकायला आणलेली रबरी पिशवी तिने औषधवाल्याला तीनदा परत केली, दरवेळी फुगवून त्याच्याच गालाला लावून. चौथ्या वेळी तो बिचारा म्हणाला, "ताई, आत या आणि तुम्हीच निवडा."

माझी मुलगी बारा वर्षांची. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची हे तिच्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे, आमच्या घरात कुणी साधी शीळ घातलेली नाही. मावशीने लगेच बारसं केलं. "काय गं फुंकणी, अभ्यास झाला का?" तेव्हापासून घरात, दुकानात, गल्लीत ती फुंकणीच.

सर म्हणाले, वाद्य स्वतःचं लागेल. दुकानाचा पत्ताही त्यांनीच कागदावर लिहून दिला. "इथूनच घ्या, आणि नवीनच घ्या. जुन्या वाद्यावर मुलांचा हात बिघडतो." सर म्हणजे सर. आम्ही मान डोलावली. बँडच्या पोरांच्या टोप्या त्याच दुकानदाराने फुकट दिल्यात हे मला फार नंतर कळलं.

ताई म्हणाली होती, "मी येते बरोबर." त्यावर मी काय बोलले ते शब्दन्‌शब्द आठवतंय. मी म्हटलं, "अगं, काचेची कपाटं असतात तिथे. तुझे हात बघून तो काय म्हणेल." ज्या हातांनी मला वाढवलं त्यांची मला लाज वाटली. ताई म्हणाली, "बरं, तुम्ही जाऊन या," आणि चाकाचे आरे आवळत बसली.

दुकानात सगळा झगमगाट. लाल क्लॅरिनेट, निळी क्लॅरिनेट, आत मखमल लावलेली पेटी, वर पांढरे हातमोजे आणि पुसायचं फडकं फुकट. मी चकाकी बघितली, पेटीचं कुलूप उघडून-मिटून बघितलं, आणि काळी, चंदेरी चापांची एक घेतली. वाजवून बघा असं ना तो म्हणाला, ना मला सुचलं. मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. दोन महिन्यांचा पगार गेला. साडी घेताना मी चार वेळा पदर उलटसुलट करून बघते, आणि इथे डोळे मिटून पिशवी उचलली.

मग सुरू झालं रडगाणं. वरचे चार सूर कसेबसे निघायचे. खालच्या सुरांकडे गेली की फुस्स. सर म्हणाले, "दम नाही हिच्यात. फुंक छातीतून यायला हवी." महिनाभराने पुन्हा तेच. एकदा वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्यापेक्षा सायकलचा पंप बरा." पोरं हसली. मावशीचं दुकान सगळ्यांना माहीत, मग काय, पंप म्हणूनच हाका सुरू झाल्या.

पोरीने मला एकदा नाही, दोनदा सांगितलं. "आई, मी फुंकते ती हवा मधेच कुठेतरी जाते." आणि मी, तिची सख्खी आई, काय म्हणाले? "नाचता येईना अंगण वाकडं." वर तिला आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ आहे म्हणाले. तरी माझं समाधान होईना. टॉनिक आणलं. रोज सकाळी दहा फुगे फुगवायला लावले, लांबून मेणबत्ती विझवायला लावली. पोरगी निमूट विझवायची. पाच महिने.

शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. शनिवारी चाचणी. खालचे सूर आले नाहीत तर क्लॅरिनेट बंद, जागा दुसऱ्याला, हिला झांजा. पोरीने चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाली, "झांजाच देऊ देत." रडली असती तर मला बरं वाटलं असतं. जी पोर जेवताना ताटाच्या कडेवर बोटं नाचवायची, तिने पेटी कपाटावर टाकली.

बुधवारी माझी संध्याकाळची पाळी होती, म्हणून तिला ताईकडे पाठवलं. बरोबर पेटीही दिली, निदान सराव तरी कर म्हणून. तिने दुकानात वाजवायला घेतलं आणि ताईने हातातला पाना खाली ठेवला.

"परत फुंक गं."

पोरीने फुंकलं. गाल लाल, मानेच्या शिरा ताठ.

"हवा तर ढीगभर घालतेयस. मग जाते कुठे?"

क्लॅरिनेटचे तुकडे सुटे होतात. ताईने वरचा तुकडा काढायला लावला. "सगळ्या भोकांवर बोटं ठेव. खालचं तोंड तळव्याने गच्च दाब. आता वरून फुंक आणि धरून ठेव." आत हवा कोंडायला हवी, फुंकणाऱ्याचे गाल फुगायला हवेत. ताईने डोळे मिटले आणि आपला गाल वाद्याजवळून फिरवला. चापांच्या टोकाला भोकं झाकणारी गोल झाकणं असतात. वरच्या झाकणापाशी ती थांबली. "इथे." थोडं खाली, "इथे पण." खालच्या तुकड्यात आणखी दोन.

मी घरी न्यायला आले तेव्हा टेबलावर माझी दोन महिन्यांची कमाई पडली होती, अंगावर खडूच्या चार फुल्या. ताईने झाकणं नीट बसवायचा प्रयत्न केला होता. पण धातू असला लेचापेचा की बोटाने वाकायचा आणि सोडला की पुन्हा वाकडा.

"अंगण वाकडंच आहे गं," ताई म्हणाली. म्हणजे पोरीने तिला तेही सांगितलं होतं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघी दुकानात गेलो. दुकानदाराने आधी ताईचे हात बघितले. "काचेला हात नका लावू हं." मग म्हणाला, वापरलेला माल परत होत नाही, मुलीला वाजवता येत नसेल तर तो काय करणार. माझ्या तोंडात जे आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. ताई शांतपणे म्हणाली, "परत नको. बदलून द्या. मी निवडते."

आणि तिने कपाट उघडायला लावलं. पोरगी भोकं दाबून फुंकतेय, ताई गाल लावतेय. पहिली गळकी. दुसरी गळकी. लाल गळकी, निळी तर चाळणीच. प्रत्येक वेळी ताई खणखणीत आवाजात "गेली" म्हणायची. तोवर गिऱ्हाईकं जमली. एक बाप आपल्या मुलासाठी निळीच घ्यायला आला होता, त्याने पाकीट हळूच खिशात घातलं. दुकानदाराच्या कपाळावर घाम.

सगळ्यात वरच्या फळीवर एक जुनी होती. प्लास्टिकची, ओरखडे पडलेली, पेटीची कडी तुटलेली. "ती विकायची नाही, तिचे भाग काढायला ठेवलीय," तो म्हणाला. ताई म्हणाली, "खाली काढा." पोरीने फुंकलं आणि तिचे गाल टम्म फुगले. ताई वरपासून खालपर्यंत दोनदा फिरली. कुठेच थांबली नाही.

रीड घ्यायला आलेले एक म्हातारे वादक हा तमाशा बघत होते. रीड म्हणजे तोंडाशी लावायची ती बोरूची पातळ पट्टी. त्यांनी क्लॅरिनेट हातात घेतली, खालपासून वरपर्यंत सूर काढले आणि म्हणाले, "अंग उत्तम आहे. प्लास्टिक आहे म्हणून नाक मुरडू नका, शिकणाऱ्याला हेच बरं. पण तोंडाकडचा तुकडा कुणीतरी चावून ठेवलाय. पैसे घालायचे ते तिथे घाला." म्हणून चांगला माउथपीस घेतला, चार रीड घेतल्या. एवढं सगळं घेऊनही किंमत त्या नवीन वाद्याच्या निम्मी होत नव्हती. उरलेले पैसे दुकानदार देईना, पण ताई स्टूल ओढून दारातच बसली. पाऊण तासाने दिले.

दुकानातच पोरीने सगळ्यात खालचा सूर वाजवला. जाड, गोल, लांबलचक. संपला तरी ती वाद्य तोंडातून काढेना. मला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी चाचणी झाली. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या होतो. खालचे सूर आले, वरचे आले, सरांनी मान हलवली. जागा तिचीच राहिली. आणि मग ते आमच्याकडे बघून काय म्हणाले असतील? "बघितलंत? जरा कडक बोललं की पोरांना कसा दम येतो." ताईने वाद्याचं सांगितलं, तर हसून म्हणाले, "असं होय?" आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं. मी गप्प बसले. सवय. सर म्हणजे सर.

बाहेर मैदानावर शर्यतींसाठी चुन्याच्या रेषा आखत होते. माझी मुलगी दरवर्षी पळते. नंबर नाही येत, पण पळते. मी सहज विचारलं, "तुझी शर्यत कधी गं?"

"मी नाव काढून घेतलं."

"का?"

"मला दम नाही ना. मधेच पडले असते तर?" अगदी साधेपणाने म्हणाली. "खेळाच्या तासालाही मी बसूनच असते. बाईंना सांगितलंय, माझं छातीचं आहे."

"कधीपासून?"

"तू फुगे आणलेस तेव्हापासून."

पाच महिने माझं धडधाकट पोर मैदानाच्या कडेला बसून होतं, आणि घरी येऊन मला काही बोललं नव्हतं. ताई गर्रकन शाळेकडे वळली. मी तिचा दंड धरला. "तू थांब. आज मी जाते."

पोरीला घेऊन आत गेले. वर्गात वीस पोरं होती. मी म्हटलं, "सर, माझी मुलगी पहिल्या दिवसापासून नीट फुंकत होती. वाद्य गळत होतं. तुम्हाला कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. मी तिची माफी मागणार आहे. तुम्ही तिला सांगा, आत्ता, ह्या सगळ्यांसमोर."

"अहो बाई, येतंय ना आता तिला? झालं गेलं कशाला उकरता?"

"तिचं अजून झालं गेलं नाही."

सर घड्याळाकडे बघायला लागले. मी पहिल्या बाकावर बसले. पोरं एकमेकांकडे बघेनात, हसेनात. शेवटी सर पोरीकडे न बघता म्हणाले, "वाद्यात दोष होता. तुझा दम ठीक होता."

"मागे ऐकू आलं नाही," दारातून ताई म्हणाली.

सरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. पोरगी पेटी छातीशी धरून उभी होती. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरून विचारलं, "म्हणजे मी पळाले तर चालेल?"

पळ, म्हटलं. ती त्या ओल्या चुन्यावरून मैदानाच्या पार टोकापर्यंत पळत गेली, आणि ताई मागून हाका मारत होती की अगं, पेटी तरी माझ्याकडे दे.