येळवशीच्या शेंगा

लातूरच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.ला आले, तोवर विद्यापीठ म्हणजे माझ्या दृष्टीनं परीक्षा आणि हजेरीची कटकट. मराठवाड्यानं ते भांडून मिळवलं, हे पदवीच्या पहिल्याच तासाला सांगितलं होतं; आम्ही वहीत उतरवून मोकळे झालो. पुढं माती, किडी, हवामान, अर्थशास्त्र, सगळंच घोकलं. एम.एस्सी.ला पीक पैदास घेतली आणि तुरीच्या वाफ्यात ते घोकलेलं पहिल्यांदाच जिवंत झालं.

आमचे सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या सरांनी कधीकाळी मर रोगानं झोपलेल्या शेतात उभं राहिलेलं एकच झाड हेरून त्याचं बी जपलं होतं. त्या तुरीचा मी दुसऱ्या वाणाशी संकर करत होते. उमलायच्या आधी कळी चिमट्यानं उघडायची, पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे, देठाला खुणेचा लाल दोरा बांधायचा. बहुतेक कळ्या गळायच्या. टिकलेल्या शेंगा ओंजळभरही नव्हत्या, आणि त्यातून वाण निघायला पुढं दहा-बारा वर्षं. एवढा धीर माणसांत येतो कुठून, असं प्रत्येक दोरा बांधताना वाटायचं.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जेवतात. मला घरी जाता येईना, म्हणून कंधारहून आत्याच पालेभाज्या-दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील घेऊन आली. "शेत मंजी शेत, सरकारचं का असंना," म्हणत तिनं बांधावर कडब्याची कोप, छोटीशी खोपी, उभी केली, आत पाच पांडवांचे दगड मांडले. मी पाणी घेऊन परतले, तर पांडवांपुढं माझ्या त्याच मूठभर शेंगा. लाल दोऱ्यांसकट.

माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते लिहवत नाही. आत्याचं तोंड एवढंसं झालं. "मला काय ठाव गं! दोरे बांधलेले दिसले, मला वाटलं देवासाठी राखून ठेवल्यात."

तेवढ्यात सर आले. सगळं ऐकून त्यांनी आधी कोपीपुढं हात जोडले, आत्यानं दिलेली आंबील प्याले, मग एक शेंग सोलली. दाणा हिरवाच होता, पण भरला होता.

"सावलीत वाळव," मला म्हणाले. "उगवला तर आपला."

वाळून दाणे पार सुरकुतले. कुंड्यांत पेरले, आणि आत्याचे फोन सुरू झाले. "आलं का गं वर?" न्हाई म्हटलं की ती फोन ठेवून द्यायची. तिच्यापेक्षा मीच जास्त धास्तावले होते.

एका सकाळी कुंड्यांतली माती तडकून कोंब वर आलेले दिसले. सगळ्यांत नाही, पण निम्म्याहून जास्त कुंड्यांत. सर वाकून कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे शेतकऱ्याच्या हाती जाईल, तेव्हा बहुतेक मी नसेन," ते म्हणाले. असं बोलताना माणूस इतका खूश असू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.