बिनमिरचीचं पातेलं

किल्ल्यात लोकांना बघायला उभारलेली जुन्या काळाची छावणी म्हटल्यावर तुम्ही तलवारी नि घोडे शोधत असणार. बसा शोधत! मी बघायला गेलतो आणि थेट चुलीपाशीच थांबलो.

तिथं एक आक्का हुलग्याचं कालवण ढवळत होती. मिरची आपल्याकडं यायच्या आधीचा सैपाक, म्हणून तिखटाला नुसते मिरे. ढवळून झालं की डाव काठावर ठण्णकन आपटायची, शाळेची घंटाच जणू.

लोक चाखायचे, तोंड वाकडं करायचे आणि भज्यांच्या गाड्याकडं पळायचे. पातेलं भरलेलंच. खासबागच्या एका काकूनं तर पिशवीतनं चटणीची डबीच काढली. आक्कानं पातेल्यावर हात आडवा धरला.

"मिरची घरी रोज खाताच की. आज हितं न्हाय."

मला राहवेना. तिथल्या निवेदकाचा माईक घेतला आणि हुबेहूब तिच्या आवाजात ओरडलो, "एक घास खावा रं बाबांनो, पाया पडते!"

लोक हसत रांगेत आले. दोन घासांनंतर हसणं थांबलं, वाट्या पुन्हा पुढं आल्या. पातेलं रिकामं झालं.

मी शाबासकी घ्यायला गेलो.

"आवाज बरोबर काढलास," आक्का डाव उगारत म्हणाली, "पण मी कुणाच्या पाया पडते व्हय रं? मुडद्या, भरलं पातेलं घरी नेलं असतं, पाया पडले नसते!"