तेहतीसच माणसं

वाशिमहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या रस्त्याला कीटकनाशकांचा एक लहानसा कारखाना आहे. भागिरथाबाई तिथे अकरा वर्षांपासून झाडलोट करतात. वय अठ्ठेचाळीस, शाळा सातवीपर्यंत, नवरा वारलेला, लेक पुसदला दिलेली. स्वभाव भित्रा. गावच्या विहारात वंदनेला त्या शेवटच्या ओळीत बसत आणि कुणी पुढे बोलावलं तर नुसते हात जोडत.

कारखान्याच्या मागे पत्र्याची एक खोली होती. मुदत संपलेला माल, सांडलेली भुकटी, गाळाचे डबे, सगळं तिथे जाऊन पडे. ते न्यायला बाहेरची गाडी येणार, असं नुसतं बोललं जाई. ती खोली झाडताना बाई श्वास कोंडून धरत.

दोन वर्षांपूर्वी रूपाली नावाच्या सुरक्षा अधिकारी रुजू झाल्या. अपघात झाला तर कुणी काय करायचं, याचा आराखडा त्यांना लिहायचा होता. साहेबांकडून कागद मिळाले, पण खोलीत नेमकं काय आहे ते कागदांवर नव्हतं. शेवटी त्यांनी भागिरथाबाईंना विचारलं. बाईंनी सांगितलं की कोपऱ्यात धान्यात टाकायच्या गोळ्यांचे डबे आहेत, चार वर्षांपासून, काहींची झाकणं गंजलीत, आणि पत्रा तिथेच गळतो.

रूपाली मॅडमचा चेहरा उतरला. त्या गोळ्यांना पाणी लागलं की विषारी वायू सुटतो, लसणासारखा वास येतो, वास आला की पळायचं, एवढं त्यांनी बाईंना समजावलं. डबे हलवण्यासाठी त्यांनी वर चार वेळा लिहिलं. पत्र्यावर ताडपत्री पडली, डबे तिथेच राहिले.

आराखडा मात्र झाला. मराठीत, मोठ्या अक्षरांत, भिंतीवर लागला. भोंगा वाजला की वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची पिशवी बघायची, वारा जिकडे जातो तिकडे जायचं नाही, खोलीवर पाणी मारायचं नाही, बाहेर आलेल्या माणसाने परत आत शिरायचं नाही. आणि माणसं मोजायची. मोजण्याचं काम मॅडमनी भागिरथाबाईंना दिलं, कारण कारखान्यातल्या चौतीसही जणांना त्या चेहऱ्याने ओळखत.

"मॅडम, मले नाही जमत," बाई म्हणाल्या. "माहे हातपाय थरथरतात."

"थरथरू द्या. तुम्ही फक्त मोजा."

गेल्या सप्टेंबरात दोन दिवस पावसाची झड लागली होती. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. अकराच्या सुमारास बाई झाडू घेऊन मागे गेल्या, तर दारापासून दहा पावलांवरच लसणाचा वास आला. आधी वाटलं, कुणी जेवणाचा डबा उघडला असेल. मग दाराच्या फटीतून पांढरा धूर जमिनीलगत सरकत येताना दिसला. बाई वळल्या आणि भोंग्याचं बटण दाबायला धावल्या.

माणसं सवयीने पुढच्या फाटकाकडे पळाली. पिशवी फुगून तिचं शेपूट फाटकाकडेच गेलं होतं, म्हणजे वायूही तिकडेच निघाला होता. ज्या बाईने कधी वरच्या पट्टीत शब्द काढला नव्हता, ती आडवी उभी राहून सगळ्यांना बाजूच्या सोयाबीनकडे वळवू लागली. चिखल तुडवत सगळे वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जमले. रूपाली मॅडम फोनवर अग्निशमनवाल्यांना बोलावत होत्या.

बाईंनी यादी काढली. तेहतीस. पुन्हा मोजली. तेहतीसच.

शालिग्राम नव्हता. पंपांची दुरुस्ती करणारा, एका कानाने कमी ऐकणारा माणूस. साचलेलं पाणी उपसायचा पंप बंद पडला म्हणून तो सकाळीच त्या खोलीमागच्या खड्ड्यात उतरला होता. त्याची मुलगी स्नेहा इथेच बाटल्यांवर लेबलं लावायची. बाईंनी नाव उच्चारायच्या आतच ती पळत सुटली.

भागिरथाबाईंनी तिला कमरेतून धरलं.

"सोडा मले, काकू. माहा बाबा अंदर हाये."

"तू अंदर गेली तं दोघं जातान. मी नाही सोडत."

स्नेहाने ओरबाडलं, हाताला चावा घेतला. बाई तिच्यासह चिखलात बसल्या, पण मिठी सुटू दिली नाही. आपली लेक आत असती तर आपण थांबलो असतो का, हे त्यांच्या मनात येत होतं आणि त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं. समोर धूर वाढत होता. अग्निशमनाची गाडी यायला अठरा मिनिटं लागली.

गाडीतल्यांनी नळी सोडायला घेतली, तेव्हा मॅडम समोर जाऊन उभ्या राहिल्या. पाणी नको, कोरडी वाळू आणा, आधी माणूस काढा. पाठीवर हवेची टाकी बांधून दोघं आत गेले. शालिग्रामला बाहेर आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, पण छाती हलत होती.

अकोल्याच्या दवाखान्यात तो एकोणीस दिवस होता. वाचला. आता वीस पावलं चालला की बसावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, खड्डा वाऱ्याच्या उलट बाजूला होता म्हणून त्याला वायू कमी लागला; पुढच्या धुरात हवेच्या टाकीशिवाय शिरलेलं माणूस वाचलं नसतं. इकडे वर्षानुवर्षं न आलेली माल नेणारी गाडी आठवड्याभरात आली आणि खोली रिकामी झाली.

महिनाभराने भागिरथाबाई शालिग्रामला भेटायला गेल्या. स्नेहाने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मग म्हणाली, "तुमी मले धरलं ते बराबर होतं, काकू. मले समजते. पन तुमी दिसल्या की मले तेच दिसते."

बाईंनी मान हलवली. पाणी प्यायल्या, शालिग्रामच्या उशाशी थोडं बसल्या आणि निघाल्या.

मॅडमनी त्यांना विचारलं होतं, यादी दुसऱ्या कुणाकडे देऊ का. बाई नाही म्हणाल्या. पण अजूनही त्या मागच्या अंगाला झाडायला जातात तेव्हा दहा पावलं आधी थांबतात, पिशवी कुठे वळली आहे ते बघतात आणि हवेचा वास घेतात. मगच पुढे होतात.