नाव, गाव, वडिलांचा नंबर

मी सोलापुरात राहते आणि मैंदर्गीच्या पुढं एका गावात चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवते. स्वभाव तापट. पोरांना तो पाठ झालाय, त्यामुळे मी चिडले की ती मान खाली घालून हसतात.

परिपाठात मी एक पद्धत पाडली होती. रोज एकानं पुढं यायचं आणि स्वतःचं पूर्ण नाव, गाव, वस्ती, वडिलांचा मोबाइल नंबर खणखणीत आवाजात सांगायचा. एकदा बाजारात पहिलीतलं एक पोरगं चुकलं आणि त्याला बापाचं नाव 'अप्पा' यापलीकडे सांगता येईना. तेव्हापासून हे सुरू झालं. तिसरीतली एक मुलगी यात सगळ्यांत तयार होती. घरी मेंढरं, घरची बोली कानडी, पण परिपाठात ती उभी राहिली की मागच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचायचा.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांना एका अनोळखी माणसाचे फोन येऊ लागले. तो मुलीचं पूर्ण नाव घ्यायचा, वस्ती सांगायचा आणि 'तिच्याकडं फोन द्या' म्हणायचा. घरात मोबाइल एकच, आणि संध्याकाळी गृहपाठासाठी तो तिच्या हातात असायचा. पोरीनंच गेम खेळताना कुणाला तरी नंबर दिला, असं घरच्यांनी धरून चाललं. वडील शाळेत आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, उद्यापासनं ती मेंढरामागं जाईल. लई झालं शिकून."

मी हातापाया पडून चार दिवस मागून घेतले. मग वर्गात जाऊन तासभर व्याख्यान झोडलं. अनोळखी माणसाला नाव सांगू नका, फोटो पाठवू नका, कुणी लपवून ठेव म्हणालं तर ते आधी घरी सांगा. बोलले ते सगळं बरोबरच होतं. शेवटी तिला उभं केलं आणि चढ्या आवाजात विचारलं, कुणाला दिलास नंबर?

ती रडली नाही. म्हणाली, "बाई, म्या कुणालाच न्हाय दिला. तुमी व्हिडिओ काढला तवा तेवढा बोलले की."

मी तिथंच मोबाइल काढून शाळेचं फेसबुक पेज उघडलं. शाळा सुरू झाल्यावर मीच तिचा परिपाठातला व्हिडिओ काढून त्या पेजवर टाकला होता. खाली 'आमची हुशार लेक' असं लिहून वर लाइक बघत बसले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिथल्या तिथं व्हिडिओ काढून टाकला, पण तो आतापर्यंत कुणाकुणाकडे गेला असेल, हे माझ्या हातात राहिलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शाळा सुटल्यावर तिच्यासोबत चालत वस्तीवर गेले. वडील मेंढरं कोंडत होते, आई चुलीपुढं होती. दोघांना बसवून सगळं सांगितलं. चूक तिची नाही, माझी आहे. नंबर बदलून घ्या, उद्या पोलिसांत आपण मिळून जाऊ, मी लिहून देते.

 आई म्हणाली, "आमी मारलं की वो तिला. दोनदा." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. वडील उठता उठता म्हणाले, "येऊ दे शाळंत."

ती मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत मी थांबले आणि तिची माफी मागितली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्या मुलाची माफी मी पहिल्यांदाच मागत होते, त्यामुळे शब्दही नीट जुळेनात. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं निरखून बघत काळजीनं विचारलं, "बाई, तुमाला कुणी मारलं न्हाय न्हवं?"

नाही म्हणताना मला तिच्याकडं बघवलं नाही.