कोकिळाबाईचं मंडळ अन् माही सतरंजी

पुलगावात कोणालेही विचारा, सैनिक सेवा महिला मंडळ कोणाचं? म्हणतीन, कोकिळाबाईचं. अन् मी, विमला, काय मेलती? सतरंजी माही, चहा-साखर माही, बसायले ओसरी माही. पण फोटोत मधात कोण? कोकिळा. परवाच्या सत्कारात शाल कोणाले? कोकिळेले. मले गुलाबाचं एक फूल भेटलं, तेही पाकळ्या झडलेलं.

जळते मी तिच्यावर. उघड सांगते, त्यात कायची लाज? पण तिची गोष्ट माह्याशिवाय कोणाले धड सांगता येणार नाई, म्हणून सांगून राह्यली.

कोकिळा वडनेरची, शेतकऱ्याची पोरगी. तिचा नवरा प्रेमदास अन् माहे मालक, दोघंही फौजेत, एकाच पलटणीत. एकाहत्तरच्या लढाईतून माहे मालक परत आले, डावा हात तिकडेच ठेवून. प्रेमदास आलाच नाई. फौजेच्या तारेत मेला असं नव्हतं, 'बेपत्ता' असं होतं.

लढाईनंतर वर्षभरानं माह्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ओसरी बायांनी भरली होती, मी ताट घेऊन फिरत होती, तेवढ्यात कोकिळा आली अन् माह्यासमोर उभी राह्यली. बाप्पा! माहं बोट करंड्यातच अडकलं. लावावं तर नवरा जिवंत का नाई ते देवाले माहीत. न लावावं तर तिले भर सभेत विधवा ठरवल्यासारखं. माही सासू रुख्माबाई तर उठून आत चालली गेली.

कोकिळा म्हणे, "काऊन थांबली? आला नाई म्हणजे मेला, असं कोण म्हणते? लाव."

लावलं मी. मंग ती सतरंजीवर बसली अन् म्हणे, "बायाहो, आपल्या इकडं किती घरी फौजेतले माणसं हातपाय गमावून पडले हायेत. त्याईच्या बाया कोणापाशी बोलत नाईत. दरसाल वाण लुटतो, यंदा त्याईच्या घरी जाऊ." झालं! माह्या तिळगुळावर तिनं मंडळ उभं केलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते हेच.

कामं लय केली मंडळानं, खोटं काऊन बोलू. जखमा धुतल्या, पेन्शनसाठी वर्ध्याचे उंबरठे झिजवले, मागं राह्यलेल्या बायांले पापड-शेवयांचं काम लावून देल्लं, आर्वीपर्यंत एसटीनं धक्के खाल्ले. पण एक नियम कोकिळेनं असा केला, की माह्या मुळावर आला. आपल्या घरच्या जखमी माणसाले भेटायची पाळी आपण घ्यायची नाई. तिचं म्हणणं, घरच्या बाईपुढं माणसाची दातखिळी बसते, परक्या बाईपुढं तो कण्हतो तरी.

मले पाळी भेटली लक्ष्मणरावाची, एक बहिरा बुढा सुभेदार. अन् माह्या घरची पाळी? कोकिळेनं स्वतः घेतली.

माहे मालक तवा दिवसभर खाटेवर बसून राहत. माह्याशी बोलणं म्हणजे "पाणी" अन् "मीठ कमी हाये." रात्रंदिवस मी त्याईचं करत होती, पण एक शब्द जादा नाई. अन् ही दर सोमवारी यायची, खाटेजवळ पाट घ्यायची अन् म्हणायची, "काय चंद्रभानभाऊ, कसं काय?" मले त्याईचं नाव घ्यायले उखाणा लागते, अन् ही बाई बिनधास्त! एका सोमवारी मालक खदखदून हसले. अवं माय! लग्नातही इतके हसले नव्हते. माही भाकर तव्यावर जळली, अन् मी चुलीपुढं.

गेली मी मंडळाच्या बैठकीत. म्हटलं, "माह्या घरची पाळी बदला."

"बदल," कोकिळा म्हणे. "पण भाऊले विचारून घेजो."

मी विचारत कायले बसू? घरी येऊन सांगूनच टाकलं, "कोकिळा येणार नाई आता." मालकानं हातातली भाकर ताटात ठेवली अन् भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशीही जेवले नाई. शेवटी मीच गेली, कोकिळेच्या दाराशी, तिले परत बोलवायले! माह्या जिवाले कसं झालं असन, तुम्हीच सांगा.

असे वर्षावर वर्षं गेले. चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीच्या आधी, एका दुपारी मी तीळ निवडत होती. कोकिळा नुकतीच उठून गेलती, मालकाच्या तोंडावर अजून हसू होतं. मले सहनच झालं नाई. सूप फेकलं मी. म्हटलं, "अहो, सारं तिच्यापाशी बोलता. माह्यासाठी एक शब्द ठेवला नाई? माहं काय चुकलं?" अन् भडभडून रडली.

मालक खाटेवरून उतरले अन् एका हातानं सांडलेले तीळ गोळा करू लागले. मंग म्हणे, "प्रेमदासचा हात माह्या हातात होता. नदी ओलांडत होतो, गोळा पडला. माहा हात गेला, अन् त्या हातासंगं तो बी गेला. वाहून जाताना पाह्यला मी त्याले. जीव नव्हता त्याच्यात. साहेबांले सांगतलं, पण प्रेत भेटलं नाई, म्हणून बेपत्ता लिहिलं. तिले नाई सांगतलं मी. ती कुंकू पुसन. म्हणून दर सोमवारी त्याच्या गमती सांगतो, हसवतो. आता तू बी वाह्य हे ओझं. एकट्याच्यानं होत नाई."

खरं सांगू? आधी मले आनंदच झाला. माह्यासाठी शब्द निघाला, कोकिळेसाठी नाई! मंग कोकिळेचं कपाळ डोळ्यापुढं आलं.

संक्रांत आली. तीच ओसरी, तीच सतरंजी, माह्या हातात ताट अन् समोर कोकिळा. माहं बोट पुन्हा करंड्यात अडकलं.

तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् हळूच म्हणे, "सांगतलं वाटते भाऊनं तुले."

मी करंडा मागं घेतला.

"प्रेमदासच्या इतक्या गोष्टी सांगतात," ती म्हणे, "पण 'तो आल्यावर' असं एकदाही म्हटलं नाई त्याईनं. पहिल्याच वर्षी समजली मी."

"मंग कुंकू?"

"पुसलं तर त्याईले वाटन, आपल्या तोंडून काहीतरी निसटलं. मंग पुन्हा भिंतीकडं तोंड करतीन. लाव, विमला. बाया पाहून राह्यल्या."

लावलं मी. कुंकू तिच्या नाकावर सांडलं, तिनंच पदरानं पुसलं.

म्हणजे पाहा, तिच्यासाठी ते गप्प, त्याईच्यासाठी ती गप्प, अन् मी इतके वर्षं चुलीपुढं जळून राह्यली. माह्या वाट्याले जो एक शब्द आला, तोही तिले माह्याआधी माहीत! जळू नाई तर काय करू?

शाल घेऊ दे, फोटोत मधात बसू दे. पण संक्रांतीले तिच्या कपाळाले कुंकू मीच लावते. तिथं दुसऱ्या कोणाची पाळी मी लागू देत नाई.