पुढचं घर

एकादशीची भगर जरा जास्तच झाली आहे. डॉक्टर ऋजुता जपमाळ घेऊन झोपाळ्यावर टेकते. एक मणी सरकतो, दुसरा सरकता सरकता बोटांतच विरघळतो.

"एकादशीला दिवसा झोपतेस गं?"

शेजारी ताराआत्या. माघात गेलेली. जन्मभर सरकारी नर्स होती. खांद्याला तोच लसीचा निळा डबा, पदर खोचलेला.

"झोपले नाहीये आत्या, जप करतेय."

"घोरत?"

ऋजुताला असं हसू फुटतं की झोपाळा हलतो. कड्या कुरकुरतात, वल्ह्यांसारख्या वाजू लागतात. झोपाळ्याची होडी झाली आहे, खाली खाडीचं पाणी.

"आत्या, जागतिक आरोग्याच्या पदवीला प्रवेश मिळालाय. परदेशात! संध्याकाळपर्यंत होकार द्यायचाय."

"मग दे की."

"चातुर्मासातच निघावं लागेल. माझी गोपद्मं? पाच वर्षांचा नेम, हे तिसरंच. रोज तुळशीपुढे रांगोळीनं गाईची पावलं काढायची. तिथे कुठली तुळस नि कुठलं अंगण!"

होडी एका दारापुढे थांबते. पायरीची माती तांबडी, पण आपल्याकडची नव्हे. आत्या डबा उघडते, बर्फाच्या पाण्यात बोट बुडवते आणि पायरीवर भराभर गोपद्मं काढते.

"पोलिओच्या फेरीला असले की मी अशीच काढायचे, लोकांच्या पायरीवर. वाळायच्या आत देवाला दिसतात."

"चालतं?"

"नेम देवाशी बोललीस ना? का अंगणाशी?"

दार उघडतं. बाई अनोळखी, बोलीही अनोळखी. कडेवरचं बाळ मात्र चिमणीच्या पिलासारखा आ करतं. आत्या दोन थेंब सोडते, शाईचं पेन काढते आणि ऋजुताचीच करंगळी धरते.

"अगं, बाळाला लाव ना!"

"त्याला तू लावशील. या घरचं झालं, ऋजू. खूण केली की दारात रेंगाळायचं नाही. पुढचं घर."

ऋजुताची छाती धडधडते, जत्रेला निघाल्यासारखी.

"ऋजू! एकादशीला झोपलीस?" आई स्वयंपाकघरातून ओरडते.

"नाही गं आई, जप..."

ती डोळे चोळायला हात उचलते. डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी रेघ आहे, ओली.

ती तुळशीपाशी जाते, झोपेची क्षमा मागते, तांब्यात बोट बुडवून पाण्याचीच पावलं काढते. मग फोन उघडते. पावलं वाळायच्या आत होकार गेलेला असतो.

रेघ मात्र ओल्या हातानं घासूनही जात नाही.